निर्णयाला वजन देणारा खेळ : टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमची रचना आणि संचालन

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये चार-पाच माणसे एकत्र बसतात, प्रत्येक जण एकेका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो आणि त्या पात्रांभोवतीचे जग सांभाळण्याचे काम बहुधा एकाच व्यक्तीकडे, म्हणजे गेम मास्टरकडे असते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि हा प्रकार छापील नियमांसह लोकांच्या हाती पडला. त्याची मुळे सैनिकी डावपेचांच्या खेळांत होती, आणि त्या वारशामुळे आजही नवा रचनाकार पहिल्या दिवशी शस्त्रांचे आणि जखमांचे तक्ते आखायला बसतो. या लेखात मी दुसरा क्रम सुचवणार आहे. खेळाडू टेबलाशी बसून प्रत्यक्षात एकच काम सतत करत असतो, ते म्हणजे निर्णय घेणे. निर्णय घेण्याजोगा ठरण्यासाठी खेळाडूला पुरेशी माहिती असावी लागते, प्रत्येक पर्यायाला काही किंमत असावी लागते आणि निवडीचा परिणाम पुढे दिसावा लागतो. यांतले एक जरी हरवले तरी उरलेल्या नियमांचा उपयोग राहत नाही. म्हणून खेळ लिहिताना आणि तो चालवताना, दोन्ही वेळी, प्रत्येक गोष्ट या तीन कसोट्यांवर पारखावी.

पहिली पायरी : खेळ कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहा

वाक्यात पात्रे कोण आहेत, ती काय करतात आणि त्यांना कोणता कठीण निर्णय पुन्हापुन्हा घ्यावा लागतो, हे तिन्ही यायला हवे. ‘जादू आणि साहसाच्या जगातला खेळ’ या वाक्यातून काहीही ठरत नाही. त्याऐवजी एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत वापरू : पुरात बुडालेल्या शहरातले नावाडी रात्रभर माणसे वाचवत फिरतात, आणि नावेतल्या जागा नेहमी माणसांपेक्षा कमी असल्यामुळे कोणाला आधी न्यायचे हे त्यांनाच ठरवावे लागते. एवढ्या वाक्यातून पुष्कळ काही आपोआप ठरते. या खेळाला तलवारींच्या यादीची गरज नाही. नावेत जागा किती, नावाडी किती दमला आहे आणि पाणी किती वेगाने चढते आहे, याची मात्र नोंद ठेवावी लागेल.

रचनाकार जॅरेड सोरेन्सन यांनी या टप्प्यावर विचारायचे तीन प्रश्न रूढ केले आहेत : तुमचा खेळ कशाबद्दल आहे, तो ते कसे साधतो आणि कोणत्या वागण्याला बक्षीस देतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांकडे असते, दुसऱ्याचे अर्धेमुर्धे असते आणि तिसऱ्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, पण तिथे पोहोचण्याआधी फाशांचा हिशेब समजून घ्यायला हवा.

दुसरी पायरी : फासे कधी टाकायचे आणि का, हे ठरवा

फासे टाकावेत ते परिणाम खरोखर अनिश्चित असेल आणि यश व अपयश या दोन्हींतून गोष्ट पुढे जाणार असेल तेव्हाच. अनुभवी नावाड्याने शांत पाण्यात नाव वळवली, तर ती वळते. कुलूपबंद दार उघडण्याचा प्रयत्न फसला आणि त्यामुळे काहीच घडले नाही, तर तो फासा व्यर्थ गेला. टाकण्यापूर्वी गेम मास्टरने मनाशी एक वाक्य पूर्ण करून पाहावे : ‘हे फसले, तर असे होईल.’ वाक्य पूर्ण होत नसेल, तर फासे बाजूला ठेवावेत आणि खेळाडूने सांगितलेली कृती सरळ घडू द्यावी.

यानंतर आकड्यांकडे वळू. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के असते. त्यामुळे पात्र कितीही कुशल असले तरी निकालात मोठी उसळी राहते. सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज मात्र मधल्या आकड्यांकडे झुकते : ३६ शक्यतांपैकी ७ येण्याच्या ६ असतात, तर १२ येण्याची एकच. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने या बेरजेवर तीन पट्टे बसवले आणि ती पद्धत पुढे अनेक खेळांनी उचलली : १० किंवा अधिक आल्यास पूर्ण यश, ७ ते ९ मध्ये काही किंमत मोजून यश, ६ किंवा कमी आल्यास परिस्थिती बिघडते. काहीही अधिक न मिळवता पाहिले तर पूर्ण यशाची शक्यता सुमारे १७ टक्के आणि उरलेल्या दोन्ही पट्ट्यांची प्रत्येकी सुमारे ४२ टक्के येते. पात्राच्या कौशल्याबद्दल बेरजेत २ मिळवले की चित्र उलटते : पूर्ण यश ४२ टक्के, अपयश १७ टक्के, पण मधला पट्टा तसाच ४२ टक्क्यांवर राहतो. याचा अर्थ असा, की कुशल पात्रालाही पाचांतून दोन वेळा यशाची किंमत मोजावी लागते. नावाड्यांच्या खेळाला हाच हिशेब हवा आहे, कारण ‘पोहोचलात, पण वल्हे गेले’ किंवा ‘मूल नावेत आले, आई अजून छतावर आहे’ या निकालांतूनच पुढचा निर्णय जन्माला येतो. ज्या खेळात नेमबाजासारखे ‘लागले की चुकले’ एवढेच हवे असेल, तिथे दोन निकालांची पद्धत अधिक स्वच्छ ठरते.

एक सापळा इथेच सांगायला हवा, कारण चांगले गेम मास्टरही त्यात सापडतात. समजा, एका पात्राची लपून शिरण्याची शक्यता ६५ टक्के आहे, म्हणजे बऱ्यापैकी चांगली. गेम मास्टर भिंतीसाठी एकदा फासे टाकायला लावतो, अंगणासाठी दुसऱ्यांदा, दारासाठी तिसऱ्यांदा आणि जिन्यासाठी चौथ्यांदा. चारही वेळा यश मिळण्याची शक्यता आता १८ टक्क्यांच्या आसपास उरते. खेळाडूला वाटते की आपले नशीब फुटके; वास्तविक पात्रपत्रकावर, म्हणजे पात्राची कौशल्ये आणि आकडे लिहिलेल्या कागदावर, दिलेले वचन गेम मास्टरने नकळत मोडलेले असते. म्हणून एका हेतूसाठी एकदाच फासे टाकावेत आणि जो निकाल येईल तो पूर्ण प्रयत्नाला लागू करावा. परिस्थिती मुळातून बदलली, तरच पुन्हा टाकावेत.

तिसरी पायरी : बक्षीस जिथे द्याल, खेळाडू तिथेच जातील

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सुरुवातीच्या नियमांत सुरक्षित परत आणलेल्या सोन्यासाठी अनुभवाचे गुण, म्हणजे पात्राची ताकद वाढवणारे गुण, मिळत, आणि राक्षस मारून मिळणारे गुण त्या मानाने थोडे असत. याचा परिणाम असा, की समंजस खेळाडू लढाई टाळत, वाटाघाटी करत, राक्षसाला हुलकावणी देत आणि खजिना घेऊन निघून जात. पुढे अनेक खेळांत मुख्य गुण शत्रूला हरवण्यासाठी मिळू लागले, आणि तेच खेळाडू समोर येईल त्याच्याशी लढू लागले. माणसे बदलली नव्हती, हिशेब बदलला होता. आपल्या खेळात खेळाडू नको तसे वागतात अशी तक्रार करणाऱ्या रचनाकाराने आधी आपले बक्षिसाचे पान उघडून पाहावे.

नावाड्यांच्या खेळात वाचवलेल्या डोक्यांप्रमाणे गुण दिले, तर खेळाडू गणित मांडतील : म्हातारी आणि तिचे सामान यांच्याऐवजी दोन सडपातळ तरुण. तसा कठोर खेळ लिहायचा असेल तर हरकत नाही, पण तो जाणूनबुजून लिहावा. मला या खेळात नकाराचे ओझे दिसायला हवे असेल, तर सत्राच्या शेवटी प्रत्येक खेळाडूला दोन प्रश्न विचारता येतील : आज तुम्ही कोणाला मागे ठेवले, आणि त्याला काय सांगितले? जो खेळाडू त्या व्यक्तीचे नाव आणि आपले शब्द सांगू शकेल, त्याच्या पात्राला एक गुण मिळेल. या एका नियमाचा परिणाम पूर्ण सत्रावर होतो. खेळाडू मागे राहिलेल्यांची नावे विचारू लागतात, त्यांच्याशी थांबून बोलू लागतात, आणि गेम मास्टरने एकही उपदेश न करता खेळ त्याच्या मूळ वाक्याकडे येतो.

पात्रपत्रकाबद्दल थोडक्यात एवढेच, की खेळाडू सर्वांत जास्त वेळ त्याच कागदाकडे पाहत असतो आणि अडला की त्यात उत्तर शोधतो. त्यावर आठ शस्त्रकौशल्ये आणि एक ‘संवाद’ असेल, तर तो संवादाने सुटणाऱ्या प्रसंगातही शस्त्र काढील. आपल्या एका वाक्यातल्या क्रियापदांना कागदावर सर्वांत मोठी जागा द्यावी आणि जे सत्रभर वापरले जात नाही ते निर्दयपणे काढून टाकावे.

चौथी पायरी : खेळाआधी एकत्र बसा

पहिल्या प्रत्यक्ष सत्राआधीच्या बैठकीला खेळाडू ‘सेशन झीरो’ म्हणतात. तीत पात्रे तयार होतात, पण तिचे खरे काम अपेक्षा जुळवण्याचे असते. खेळ किती गंभीर असेल, पात्रे मरू शकतात का, खेळाडूंची पात्रे एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात का, सत्रे किती आणि किती वेळाची, कोणी मध्येच गैरहजर राहिले तर काय करायचे, हे सगळे स्पष्ट शब्दांत बोलावे. पात्रे सुटीसुटी बनवू नयेत; प्रत्येकाने निदान दुसऱ्या एका पात्राशी आपले नाते ठरवावे, म्हणजे ‘आपण एकत्र का आहोत’ या प्रश्नात पहिले सत्र वाया जात नाही.

याच बैठकीत विषयांच्या मर्यादा ठरवाव्यात. दोन प्रकारच्या मर्यादा उपयोगी पडतात. काही गोष्टी आपल्या खेळात मुळीच येणार नाहीत. काही गोष्टी घडू शकतात, पण त्यांचे वर्णन न करता प्रसंग पुढे नेला जाईल. पुराच्या खेळात लहान मुलांचा मृत्यू हा प्रश्न पहिल्याच तासात समोर येऊ शकतो, आणि टेबलाशी बसलेल्यांपैकी कोणाच्या आयुष्यात काय घडून गेले आहे हे गेम मास्टरला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येकाने आपल्या मर्यादा चिठ्ठीवर लिहून द्याव्यात, गेम मास्टरने त्या नावाशिवाय वाचून दाखवाव्यात आणि कोणाकडेही कारण मागू नये. बैठकीत न सुचलेली गोष्ट खेळताना उद्भवते, तेव्हासाठी जॉन स्टाव्रोपोलोस यांचे ‘एक्स-कार्ड’ वापरता येते : टेबलाच्या मध्ये फुलीचे एक कार्ड ठेवायचे, कोणीही त्याला हात लावला की चालू असलेला तपशील काढून टाकायचा आणि पुढे जायचे, स्पष्टीकरण न विचारता. पहिल्या सत्रात गेम मास्टरने स्वतः एखाद्या किरकोळ गोष्टीसाठी ते वापरून दाखवले, तर इतरांचा संकोच जातो.

अशा साधनांमुळे खेळ मिळमिळीत होतो, हा आक्षेप मला पटत नाही. कुठे थांबता येते हे माहीत असलेली माणसे अधिक कठीण प्रसंगांत मोकळेपणाने उतरतात, तर ज्यांना ते माहीत नसते ती सुरुवातीपासूनच हात राखून खेळतात.

पाचवी पायरी : कथानकाऐवजी परिस्थितीची तयारी करा

गेम मास्टरने पुढे काय घडणार हे आधीच लिहून ठेवले, की खेळाडूंच्या निर्णयांना परिणाम उरत नाही. ते डावीकडे गेले तरी तोच प्रसंग आणि उजवीकडे गेले तरी तोच. एकदा हे लक्षात आले की खेळाडू निर्णय घेणे सोडून गेम मास्टरच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधू लागतात. त्याऐवजी तयारीत पुढील गोष्टी असाव्यात : या परिस्थितीत कोणाला काय हवे आहे, ते मिळवण्यासाठी तो काय करायला तयार आहे, आणि खेळाडूंनी काहीच केले नाही तर उद्यापर्यंत काय होईल. नावाड्यांच्या रात्रीसाठी उदाहरणार्थ तीन माणसे पुरतात. धान्याच्या कोठारावर बसलेला व्यापारी आधी धान्य हलवा म्हणतो आणि त्या बदल्यात दुसरी नाव देऊ करतो. इस्पितळातली परिचारिका उठता न येणाऱ्या रुग्णांना सोडून यायला तयार नाही. बंधाऱ्यावरचा पहारेकरी पहाटे दरवाजे उघडणार आहे, कारण ते उघडले नाहीत तर बंधाराच फुटेल. या तिघांत खलनायक कोणीच नाही, तरीही सत्राला पुरून उरेल एवढा संघर्ष आहे.

वेळेचा ताण दाखवण्यासाठी एक वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करावेत आणि पाणी चढेल तसा एकेक भाग भरत जावा. हे वर्तुळ सर्वांना दिसेल असे टेबलावर ठेवावे. ते गेम मास्टरच्या वहीत लपलेले असेल तर खेळाडूंना धक्का बसतो. समोर असेल तर त्यांना ठरवता येते की एक भाग खर्चून इस्पितळाकडे वळायचे की नाही.

तपासाच्या कथांमध्ये माहितीचा प्रश्न अधिकच तीव्र असतो. पुढे जाण्यासाठी आवश्यक असा एकच पुरावा असेल आणि तो सापडण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर दहांतून चार वेळा कथा तिथेच अडते. त्याच निष्कर्षाकडे नेणारे तीन स्वतंत्र पुरावे ठेवले आणि प्रत्येकाची शक्यता तेवढीच राहिली, तर निदान एक सापडण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या जवळ जाते. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ या नियमपद्धतीने याहून सरळ मार्ग घेतला : योग्य कौशल्य असलेल्या पात्राने योग्य जागी शोध घेतला की महत्त्वाचा पुरावा फाशांविना मिळतो. पुरावा मिळणे आणि त्याचा अर्थ लावणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तपासाची खरी गंमत अर्थ लावण्यात आहे, हा त्यामागचा विचार मला अगदी योग्य वाटतो.

सहावी पायरी : टेबलावर

प्रसंगाचे वर्णन तीन-चार वाक्यांत संपवावे. त्यात एखादा आवाज किंवा वास असावा, दखल घेण्याजोगी एक तरी वस्तू असावी, आणि शेवट प्रश्नाने व्हावा : ‘तुम्ही काय करता?’ अनेकदा हा प्रश्न सर्वांना उद्देशून विचारला जातो आणि सर्वांत मोठ्याने बोलणारा उत्तर देतो. नाव घेऊन विचारावे. शांत खेळाडूला मोकळा प्रश्न जड जात असेल, तर त्याच्या पात्राच्या अखत्यारीतला नेमका प्रश्न द्यावा : ‘या गल्लीत तुम्ही लहानपणी राहायचा, इथली गच्ची कोणती पक्की आहे?’ अशा प्रश्नामुळे त्याला बोलण्याची जागा मिळते आणि जग घडवण्यात त्याचा वाटाही राहतो.

फासे टाकण्यापूर्वी धोका सांगावा. ‘प्रवाह जोरात आहे, फसलात तर नाव उलटणार नाही, पण खांबावर आदळून एक बाजू फुटेल’ असे ऐकल्यावर खेळाडू मागे फिरू शकतो, दुसरा मार्ग सुचवू शकतो किंवा जाणूनबुजून पुढे जाऊ शकतो. पात्राला जे दिसले असते ते खेळाडूला सांगितलेच पाहिजे. पात्र डोळ्यांनी पाहत असते, खेळाडूकडे मात्र गेम मास्टरच्या शब्दांखेरीज काही नसते. रहस्य राखण्याच्या नावाखाली ही मूलभूत माहितीच अडवून धरणारे गेम मास्टर पुष्कळ दिसतात, आणि त्यांचे खेळाडू हळूहळू प्रत्येक दार दहा वेळा तपासणारे, भित्रे खेळाडू बनतात.

नियमात न बसणारी कृती कोणी सुचवली की पुस्तक चाळत बसू नये. ही अडचण या छंदाहून जुनी आहे. १८२४ साली प्रशियात (आजच्या जर्मनीतले जुने राज्य) लष्करी अधिकारी राइसविट्झ यांचा युद्धखेळ आला तेव्हा त्यात पंच तक्ते आणि फासे यांच्या आधारे निकाल देई, आणि १८७६ साली तिथलेच सेनाधिकारी व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी तक्त्यांऐवजी अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळ चालवावा असे मांडले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. छापील नियम सर्वांना समान आधार देतात, तर निवाडा वेग आणि लवचीकता देतो. टेबलावर निवाडा एका मिनिटात द्यावा, तो तात्पुरता आहे असे सांगावे, त्याची नोंद करावी आणि सत्र संपल्यावर सर्वांनी मिळून त्याचा पक्का नियम करावा किंवा तो रद्द करावा. तोच प्रसंग पुढच्या वेळी आला तर निकालही तसाच यायला हवा, नाहीतर खेळाडूंना निर्णयासाठी आधारच राहत नाही.

फाशांचा निकाल गुपचूप बदलण्याचा मोह अनेकांना होतो, विशेषतः लाडके पात्र मरणार असेल तेव्हा. मी त्याच्या विरुद्ध आहे. मृत्यू नको असेल तर तो निकालांच्या यादीतून आधीच काढावा आणि त्याऐवजी नाव गमावणे, हात निकामी होणे किंवा वचन मोडावे लागणे असे काही ठेवावे. पण एकदा धोका जाहीर करून फासे टाकले, की जे आले ते सर्वांसमोर स्वीकारावे.

सातवी पायरी : चाचणी

पहिल्या चाचणीसाठी पूर्ण पुस्तक लागत नाही. एक वाक्य, फाशांचा नियम, एक पात्रपत्रक आणि एक परिस्थिती दोन पानांवर मावतात. तेवढ्यावर दोन तास खेळून पाहावे. चाचणीत खेळाडूंना ‘आवडले का’ असे विचारले तर सभ्य उत्तरे मिळतात. त्याऐवजी काय घडते ते टिपावे : कोणत्या क्षणी सगळे पुढे झुकून बोलू लागले, कोणी कधी फोन हातात घेतला, कोणता नियम दोनदा समजावून सांगावा लागला, पत्रकावरचा कोणता रकाना कोणीच वापरला नाही, आणि निर्णयापूर्वी कोणती माहिती पुन्हापुन्हा विचारली गेली. सत्रानंतर प्रत्येकाला एकच विचारावे, की आजचा सर्वांत कठीण निर्णय कोणता होता. दोन-तीन जणांना काही आठवत नसेल, तर फाशांचे आकडे कितीही अचूक असले तरी परिस्थितीत किंवा किमतीत उणीव आहे. उत्तरे येत असतील पण ती तुमच्या मूळ वाक्याशी जुळत नसतील, तर खेळ वेगळ्याच गोष्टीबद्दल होऊ लागला आहे. अशा वेळी नियम बदलण्याआधी ते वाक्यच बदलावे का, याचाही विचार करावा, कारण काही वेळा खेळाडूंना सापडलेला खेळ अधिक चांगला असतो.

एका वेळी एकच नियम बदलून पुन्हा खेळावे. तीन बदल एकदम केले तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. शेवटची चाचणी रचनाकाराच्या अनुपस्थितीत व्हायला हवी. लिखित मजकूर अनोळखी गटाच्या हाती द्यावा, त्यांच्या खेळाचे ध्वनिमुद्रण त्यांच्या परवानगीने मागावे आणि ऐकताना मध्ये समजावण्याची सोय नाही हे लक्षात ठेवून जिथे जिथे ते अडखळले तिथे मजकुरात खूण करत जावे. त्या खुणांवरून पुस्तिकेचे पुढचे लेखन सुरू करावे.